लोकरीची माफी

हिंगणमाळच्या सिद्धू धनगराला खोटं बोलता येत नसे. यात त्याचा काही फार मोठेपणा होता असं समजू नये. कुणाला पोहता येत नाही, कुणाला शीळ घालता येत नाही, तसं याला खोटं जमत नसे. मेंढरू कुणाच्या शाळवात घुसलं तर शेतकऱ्याला पत्ता लागायच्या आधी हाच बांधावरून हाक मारून सांगायचा आणि वर शिव्या खाऊन यायचा. त्याची बायको धोंडुबाई कपाळाला हात लावायची. "आवं, इचारल्यावर सांगा की! न इचारता कशापायी सांगताय?" त्यावर हा नुसता हसायचा. असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे बाईला दम लागतो, आणि तो धोंडुबाईला होता.

हिंगणमाळ म्हणजे विट्याच्या पूर्वेची वाडी. ढग तिथं येतात ते पुढच्या गावाला जाण्यापुरते. पण वाडीतला बिरोबा जागता, आणि चैत्रातल्या त्याच्या जत्रेला ढोलावर पहिली थाप मारायचा मान सिद्धूच्या घराचा. थाप पडल्याशिवाय पालखी उठत नसे की गजी नाचणाऱ्यांचं पाऊल हलत नसे. आज्यानं मारली, बापानं मारली, मग सिद्धूनं. एरवी चारचौघांत मान खाली घालून बसणारा हा माणूस गळ्यात ढोल आला की हातभर उंच वाटायचा. त्या मानाला एक अट होती. ज्या घराची थाप लागोपाठ तीन जत्रा चुकेल, त्याचा मान दुसऱ्या घराला जाई. आजवर कुणाच्या चुकल्या नव्हत्या, म्हणून अट कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

बेचाळीस साल उजाडलं आणि गावोगाव मोर्चे निघाले. बिरोबाचा पुजारी तात्याबा, त्याचा एकुलता एक मुलगा अर्जुना. तो झेंडा घेऊन मोर्चात पुढं झाला आणि कचेरीसमोर गोळी लागून जागीच गेला. अर्जुना जत्रेत सिद्धूच्या ढोलाला झांज धरायचा. लहानपणापासून दोघांनी मेंढरं एकत्र राखलेली. सिद्धूला स्वराज्य म्हणजे काय ते नीट सांगता आलं नसतं, पण जोडीदार मारला हे त्याला कळत होतं. बाभळीचा पाला ओढायची त्याची लांब आकडी होती. ती घेऊन तो सडकेला गेला आणि तारायंत्राच्या तारा फांद्या ओढाव्यात तशा ओढून तोडल्या. दुसऱ्या दिवशी फौजदारानं वाडीत येऊन विचारलं, तारा कुणी तोडल्या? सिद्धू उठून म्हणाला, "मी." धोंडुबाई रडायला लागली, तेव्हा बेड्या घालून घेता घेता तो तिला म्हणाला, "आता तर इचारलं हुतं की गं!"

तीन वर्षं सक्तमजुरी झाली.

ज्या तुरुंगात त्याला धाडलं तिथं कांबळी विणायचे माग होते. धनगराला लोकर काय नवी? पिंजणं, कातणं, विणणं, सगळं त्यानं आनंदानं अंगावर घेतलं. आणि तिथंच त्याला एक नवा शब्द कळला. तुरुंगाचा नियम असा, की कैदी नीट वागला, नेमून दिलेलं काम पुरं केलं, तर दर महिन्याला शिक्षेतले काही दिवस कमी होतात. या कमी झालेल्या दिवसांना तुरुंगात म्हणतात माफी. ही कुणाकडं मागायची नसते, घाम गाळून मिळवायची असते. बाहेरची माणसं भेटली की एकमेकांना पाऊसपाणी विचारतात, तशी आतली माणसं विचारतात, "काय गड्या, माफी किती झाली?" महिन्या-दोन महिन्यांत हा शब्द सिद्धूच्या तोंडात भाकरीसारखा बसला. त्याला बाहेर दुसरा अर्थ आहे हे तो विसरूनच गेला.

एक जत्रा गेली, दुसरी गेली. वाडीत दोन्ही वेळा थाप भावकीतल्या आप्पासोनं मारली. पण माफी धरून तिसऱ्या जत्रेला तो वाडीत असणार होता. वॉर्डरनं हिशेब सांगितला होता आणि त्या हिशेबावर सिद्धू जगत होता.

मग लढाईपायी लोकर यायची बंद झाली. सगळी लोकर पलटणीकडं. माग उभे राहिले आणि कैदी मागापुढं हात बांधून बसले. असे बरेच महिने गेले. लोकर पुन्हा आली तेव्हा जेलरनं सांगून टाकलं, की काम नाही तर माफी नाही. बसून काढलेले महिने धरायचे नाहीत.

सिद्धूनं बोटांवर हिशेब केला. ते महिने गेले म्हणजे तिसरी जत्राही गेली, आणि तिच्याबरोबर तीन पिढ्यांची थाप गेली. आयुष्यात पहिल्यांदा तो भर बराकीत ओरडला. "लोकर तुमी दिली न्हाई, आन दिवस आमचं कापता? मालकानं मेंढरं वाड्यात कोंडून घातली म्हनून राखणदाराच्या वाटणीचं कोकरू बुडतं व्हय?"

बराकीत सांगलीचे एक वकील होते, शरच्चंद्र नावाचे. भाषण केलं म्हणून शिक्षा झालेले. गोरेपान, मऊ बोलणारे. सिद्धूवर त्यांचा जीव होता. सिद्धू त्यांच्या वाट्याचं सूत कातून देई आणि ते त्याला अक्षरं शिकवायची खटपट करत. ते खूष झाले. "सिद्धू, तुझं कोकरू मी अर्जात घालतो बघ," म्हणाले. आणि खरोखरच त्यांनी सगळ्या कैद्यांच्या वतीनं वर सरकारात अर्ज लिहिला, की काम करायला आम्ही तयार होतो, काम देणं तुमच्या हाती होतं, सबब आमचे दिवस आम्हाला मोजून द्या. अंगठे घ्यायची वेळ आली तेव्हा जेलरनं दम भरला, "अंगठा उठवाल तर आहे तीही माफी कापीन." माणसं मागं सरली. सिद्धूनं पहिला अंगठा उठवला. मग एकेक करून सगळे पुढं आले. वकिलांनी मात्र स्वतःची सही केली नाही. "मी लिहिणारा," ते म्हणाले. "कष्ट तुमचे, नाव तुमचंच शोभतं." सिद्धूला हे बोलणं फार थोर वाटलं.

जेलरनं पहिल्या अंगठ्याला दंडाबेडी घातली. पायांत लोखंडी दांडा, धड बसता येईना की निजता येईना. सिद्धूनं ते सोसलं. वकिलांची दुसऱ्या तुरुंगात रवानगी झाली. जाताना त्यांनी सिद्धूला मिठी मारली आणि म्हणाले, "कधीही काही लागलं, तर सांगलीला माझ्या घरी ये. मी आहे."

आणि वरून निकाल आला! लोकर न मिळणं हा कैद्यांचा दोष नव्हे, महिने धरावेत. बराकीत माणसं नाचली. पत्र्याच्या थाळीवर सिद्धूनं ढोलाचा ताल धरला आणि वॉर्डरही हसत उभा राहिला. डोक्यावरच्या धनगरी मुंडाशानिशी तो सुटला तो ऐन जत्रेच्या दिवशी वाडीच्या वेशीत पोचला.

देवळापुढं सगळी वाडी जमलेली. कुणी तरी त्याला ओळखलं, "सिद्धू आला! सिद्धू आला!" धोंडुबाई गर्दीतून धावत आली आणि लोकांदेखत बोलता येईना म्हणून पदर तोंडात धरून उभी राहिली. म्हाताऱ्या तात्याबानं त्याला पोटाशी धरलं. अर्जुनाची आठवण येऊन दोघंही रडले. मग डोळे पुसत तात्याबानं विचारलं, "पर तुझी शिक्षा सरायला लय दिस हुतं की रं? आमी तर आशाच सोडली हुती."

आणि सिद्धू, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, तोंडभर हसून म्हणाला, "माफी मिळाली न्हवं मला, तात्याबा! माफी मिळाली म्हनून तर पोचलो!"

झांजा थांबल्या. त्या दिवसांत सरकारला हमी लिहून देऊन, नाक घासून सुटलेली माणसं गावोगाव होती. माफी मागून सुटला, असं त्यांच्याविषयी बोलत आणि बोलल्यावर थुंकत. तात्याबाचे हात सिद्धूच्या खांद्यावरून खाली आले.

"काय म्हनलास?"

सिद्धूला अजून कळलंच नव्हतं. तो उत्साहानं लोकरीचं सांगू लागला, अर्जाचं सांगू लागला. जेवढं सांगावं तेवढं ते बिघडत गेलं. अर्ज केला? सरकारला केला? अंगठा दिला? पहिला? व्हय, पहिला माझाच! कुणी तरी हसलं. तात्याबा देवळात गेला आणि मुठीत भंडारा घेऊन आला. बिरोबाची हळद. ती हातात घेऊन खोटं बोललेला माणूस धनगराच्या पोटी अजून जन्मायचा आहे.

"ह्यो उचल," तात्याबा म्हणाला. "उचल आन एवढंच म्हन, का मी माफी घेतली न्हाई. मी तुझ्या गळ्यात ढोल घालतो."

किती सोपं होतं! चार शब्द. दुसरा कुणी असता तर मनात म्हणाला असता, यांच्या अर्थानं मी घेतलेली नाही, आणि बोलून मोकळा झाला असता, आणि ते खोटंही झालं नसतं. सिद्धूनं भंडारा हातात घेतला, तोंड उघडलं, आणि त्याला बराकीतल्या थाळीवरचा ताल आठवला. माफी तर घेतलीच होती. दंडाबेडी सोसून घेतली होती. तो म्हणाला, "घेतली. पर ती—"

भंडाऱ्यावर 'पर' चालत नाही. तात्याबानं पाठ फिरवली. "माझा अर्जुना गोळी खाऊन मेला," तो एवढंच म्हणाला. त्यानं ढोल देवळातल्या खुंटीला टांगला. यंदा पहिली थाप कुणाचीच नाही, म्हणून ही जत्रा चुकलेली धरायची नाही. पुढल्या जत्रेपतूर सिद्धूनं शाबीत करावं, नाहीतर मान आप्पासोच्या घराला. त्या वर्षी पालखी मुकी उठली.

मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरांचा वाडा असतो. पाच-दहा घरं मिळून हिंडायचं, मिळून मुक्काम करायचा. सिद्धूला कुणी वाड्यात घेईना. धोंडुबाई पाण्याला गेली की आडावरच्या बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. तिनं नवऱ्याला एकदाच विचारलं, "तुमी साहेबाच्या पाया पडला हुता?" तो म्हणाला, "न्हाई." तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. पण एक दिवस तीच म्हणाली, "आवं, त्यो वकील हाय न्हवं? त्यानं येऊन दोन शब्द सांगितलं तर? शिकल्याल्या मानसाचं ऐकत्यात लोक."

सिद्धूचा चेहरा उजळला. त्यानं स्वतःच्या मेंढरांच्या काळ्या लोकरीची घोंगडी विणली, अशी दाट की पाणी ओतलं तरी थेंब खाली उतरू नये. ती खांद्यावर टाकून तो सांगलीला गेला.

वकिलांनी दारातच मिठी मारली. बंगईवर शेजारी बसवलं. त्यांची बायको सुहासिनीबाई, साधी बाई, तिनं लाडू आणून ठेवले, घोंगडीवरून हात फिरवून कौतुक केलं. सिद्धूनं सगळं सांगितलं. वकिलांना वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. "येतो की! मी स्वतः येतो आणि सांगतो सगळ्यांना," ते म्हणाले. तेवढ्यात सुहासिनीबाई हसत म्हणाल्या, "तुमचे तर उपकारच म्हणायचे, सिद्धूभाऊ. तुमच्या त्या लोकरीच्या अर्जामुळं यांचेही महिने धरले. पाडव्याची गुढी यांच्याच हातून उभी राहिली."

"म्हंजी तुमाला बी माफी मिळाली?" सिद्धू आनंदानं ओरडला.

वकील उठून खिडकीशी गेले. रस्त्यावर कुणी आहे का ते पाहून त्यांनी खिडकी लोटून घेतली. "हळू बोल," ते म्हणाले. सिद्धूला वाटलं, ऊन लागत असेल.

पेरण्या होऊ देत, मग येतो. दसरा होऊ दे. थोडी प्रकृती बरी नाही. सिद्धू तीन खेपा करून आला आणि प्रत्येक खेपेला लाडू खाऊन आला. वाडीत लोक चेष्टा करू लागले, "काय रं, आला का तुझा वकील?" सिद्धू म्हणायचा, "येनार. त्यांनी सबूद दिलाय." ज्याला स्वतःला खोटं बोलता येत नाही त्याला दुसऱ्याचं खोटं ओळखता येत नाही. देवानं एवढी एक कसर त्याच्यात ठेवली होती.

थंडीत निवडणुका आल्या. विट्याच्या बाजारात मोठी सभा भरली आणि भाषणाला शरच्चंद्र वकील येणार अशी दवंडी फिरली. सिद्धू तात्याबाच्या दाराशी गेला. वर्षभरात तो पहिल्यांदा त्या दारात उभा होता. "तात्याबा, वाडीत न्हाई आलं ते, पर विट्याला येत्यात. तुमी चला. त्यांच्या तोंडून ऐका, मग काय करायचं ते करा." म्हाताऱ्यानं काठी घेतली. त्याच्या मागं अर्धी वाडी निघाली.

वकील व्यासपीठावर आले, आणि सिद्धूनं तात्याबाला कोपरानं ढोसलं. त्यांच्या खांद्यावर त्याची घोंगडी होती! "मी दिल्याली," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

भाषण काय वर्णावं! माणसं श्वास रोखून ऐकत होती. तुरुंगातले हाल, कदान्न, बेड्या. सिद्धूच्या दंडाबेडीचंही वर्णन आलं, फक्त ती कुणाच्या पायात होती ते आलं नाही. आणि शेवटी वकिलांनी हात उंच केला. "बंधूंनो, सगळं सोसलं, पण या परक्या सरकारपुढं आम्ही माफीचा एक शब्द काढला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत सिद्धू उभा राहिला. त्याला वाटलं, वकील विसरले. आठवण करून दिली की सांगतील. तो मोठ्यानं म्हणाला, "वकीलसाहेब, त्या लोकरीच्या माफीचं सांगा की! मी सिद्धू! ह्यो तात्याबा आलाय ऐकाया!"

सगळी सभा वळली. वकिलांनी त्याला पाहिलं. ओळखलं. क्षणभर त्यांचा चेहरा बंगईवरच्या माणसासारखा झाला आणि सिद्धूला वाटलं, झालं, आता सुटलो. मग त्यांनी घोंगडी सारखी केली आणि मऊ आवाजात म्हणाले, "हा सिद्धू. तुरुंगातला माझा सोबती. मोठा भला माणूस. पण तुरुंग भल्याभल्यांना वाकवतो, बंधूंनो. एखाद्याचा धीर सुटतो, अंगठा उठतो. म्हणून काय आपण त्याला टाकायचं? स्वराज्य दारात आलंय. हिंगणमाळच्या मंडळींना मी हात जोडून विनंती करतो, मोठं मन करा आणि या गरिबाला माफ करा."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. बाया डोळ्याला पदर लावू लागल्या. केवढा थोर माणूस, असं शेजारचे म्हणाले. पाहा विद्येचा महिमा! एक अक्षर धड खोटं बोलले नाहीत. एखाद्याचा म्हणाले, कुणाचा म्हणाले नाहीत. असल्या माणसाच्या जिभेला हाड तर नसतंच, पण लाजही नसावी याचा राग आजही येतो.

सिद्धू खाली बसला. जेलरनं बेडी घातली तेव्हा त्याला एवढं लागलं नव्हतं. जेलर परका होता. त्यानं कधी अक्षरं शिकवली नव्हती, कधी मिठी मारली नव्हती.

चैत्र आला. जत्रेच्या सकाळी तात्याबा ढोल आणि मुठीत भंडारा घेऊन स्वतः सिद्धूच्या दारात आला. मागं पंच, मागं वाडी. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर कडूपणा उरला नव्हता. "सिद्धू," तो म्हणाला, "झालं गेलं बिरोबाच्या पायाशी. एवढ्या मोठ्या मानसानं हात जोडलं, आमी कोन अडवनार? आमी तुला माफ केलं, बाबा. चल, थाप मार."

ढोल गळ्यात घातला गेला. धोंडुबाईला हुंदका फुटला. वर्षभरानं कुणी तरी तिच्या दारात हसून उभं होतं. सिद्धूचा हात चामड्यावर गेला आणि तिथंच थांबला. मग त्यानं ढोलाचा पट्टा मानेवरून काढला, ढोल तात्याबापुढं ठेवला आणि म्हाताऱ्याच्या मुठीतला भंडारा आपल्या हातात घेतला.

"मी एक माफी घेतली, तात्याबा. ती माझ्या कष्टाची हुती. ती तुमाला पटली न्हाई. आता ही तुमी फुकट देताय. ही मी मागितली न्हाई, आन घेनार बी न्हाई."

"आरं, तिसरी जत्रा चुकतीया तुझी! मान जाईल!"

"जाऊ द्या," सिद्धू म्हणाला.

आप्पासोनं थाप मारली तेव्हा सिद्धू मेंढरं घेऊन माळाच्या पलीकडं पोचला होता. मागून धोंडुबाई भाकरी घेऊन आली. ढोलाचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता. तिला राहवेना. "आवं, एक थाप मारली असती तर काय बिघडलं असतं? आज कुनी काय इचारत तरी हुतं का?"

"थाप मारली असती म्हंजी मी गुन्हा कबूल केला असं झालं असतं," सिद्धू म्हणाला. "तोंडानं कवा खोटं बोलाया आलं न्हाई मला. आता आज्याच्या ढोलानं बोलू व्हय?"

धोंडुबाईनं भाकरीचं फडकं सोडलं आणि दोघं बाभळीखाली जेवायला बसली.